थंड पाण्यातील डायव्हिंग: सूट आणि टाकी यांचा एकत्र विचार कसा करावा

थंड पाण्यात डायव्हिंग करू इच्छिणारे बहुतेक जण आधी सूट घेतात, काही महिन्यांनी हवेची टाकी घेतात, आणि या दोन वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्यांना पहिल्यांदा जाणवते ते पाण्यात, कमरेचे शिसे कमी पडल्यावर किंवा नको तितके जड झाल्यावर. सूट जितका जाड किंवा जितका हवा धरून ठेवणारा, तितका तो माणसाला वर ढकलतो. त्याला खाली नेण्यासाठी शिसे लागते, ते किती लागेल हे टाकीच्या धातूवर अवलंबून असते, आणि टाकी किती मोठी हवी हे थंडीत श्वास किती वाढतो यावर ठरते. म्हणून खरेदीचा विचार याच क्रमाने करावा: आधी पाणी, मग सूट, मग टाकी, आणि सर्वांत शेवटी शिसे.

पाणी नक्की कोठे थंड आहे

तापमान विचारताना पृष्ठभागाचे तापमान विचारू नये, तर आपण ज्या खोलीवर सर्वाधिक वेळ घालवणार आहोत तेथील विचारावे. गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक घन असते. त्यामुळे समशीतोष्ण प्रदेशातील खोल सरोवरांच्या तळाशी भर उन्हाळ्यातही त्याच्या आसपासचे तापमान असते, मग वर पोहणाऱ्यांना पाणी कितीही सुखद वाटो. उबदार आणि थंड पाण्याचे थर जेथे मिळतात ती थर्मोक्लाइनची सीमा कधी कधी एखाद्या मीटरचीच असते, आणि ती ओलांडताना हाताला जणू वेगळ्याच सरोवराचे पाणी लागते. समुद्राचे खारे पाणी तर उणे १.९ अंशांच्या आसपास गोठते, म्हणजे ध्रुवीय समुद्रात शून्याखालच्या पाण्यातही उतरावे लागते. आइसलँडमधील सिल्फ्रा या प्रसिद्ध भेगेतील पाणी वर्षभर २ ते ४ अंशांवर असते.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून २० अंशांची हवा आणि २० अंशांचे पाणी यांची तुलना करण्यात अर्थ नाही. माझा स्वतःचा ढोबळ हिशोब असा आहे: २४ अंशांच्या वर ३ मिलिमीटरचा वेटसूट (पाणी आत येऊ देणारा रबरी सूट) पुरतो, १८ ते २४ दरम्यान ५ मिलिमीटरचा, १२ ते १८ दरम्यान हूडसह (डोके झाकणाऱ्या टोपीसह) ७ मिलिमीटरचा वेटसूट किंवा सेमी-ड्राय सूट, आणि १२ अंशांच्या खाली ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडे ठेवणारा, आत हवा भरता येणारा सूट. हे आकडे एका माणसाच्या एका डाइव्हसाठी आहेत. दिवसातून दोन डाइव्ह असतील, किंवा दोहोंमधला वेळ वाऱ्यात बोटीवर काढायचा असेल, तर एक पायरी वर चढावे, कारण ओला वेटसूट वाऱ्यात वाळत असताना अंगातील उष्णता बाष्पीभवनाबरोबर निघून जाते आणि दुसऱ्या डाइव्हची सुरुवातच गारठलेल्या अंगाने होते. छायाचित्रणासारख्या कामात माणूस जवळपास स्थिर असतो; त्यालाही हाच नियम लावावा.

वेटसूट: उब पाण्यामुळे मिळत नाही

अंग आणि सूट यांच्यामध्ये शिरलेले पाणी तापते आणि त्यानेच उब मिळते, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात उब टिकवतात ते निओप्रीनमधील, म्हणजे सूटच्या फेसाळ रबरातील, नायट्रोजनचे बंदिस्त सूक्ष्म बुडबुडे. आत शिरलेल्या पाण्याने फक्त एकच करायचे असते, ते म्हणजे जागच्या जागी राहायचे. ह्यू ब्रॅडनर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वेटसूटची कल्पना मांडली तीही याच तर्कावर: सूटच्या कापडातच वायू कोंडलेला असेल, तर माणूस ओला झाला तरी चालेल.

या तर्कातच वेटसूटची मर्यादाही आहे. पृष्ठभागावर १ बार असलेला एकूण दाब १० मीटरवर २ बार होतो आणि बुडबुड्यांचे आकारमान जवळपास निम्मे होते. ३० मीटरवर दाब ४ बार होतो आणि ते एक चतुर्थांशाच्या आसपास येते. म्हणजे पाणी सर्वाधिक थंड असते तेथेच ७ मिलिमीटरचा सूट सर्वाधिक पातळ असतो, आणि त्याच वेळी त्याची वर ढकलण्याची शक्तीही गेलेली असते. हा मुद्दा टाकीच्या संदर्भात पुन्हा येणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

वेटसूट घालून पाहताना आरशासमोर उभे राहून फारसे काही कळत नाही. खाली बसावे, हात डोक्यावर न्यावेत, पुढे वाकावे, आणि मग कमरेच्या मागची खोलगट जागा, काखा, जांघा आणि मान येथे कापड सुटते का ते पाहावे. प्रत्येक हालचालीबरोबर पाणी आत-बाहेर होण्याच्या जागा याच. छातीवर सूट घट्ट असावा, पण पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. थंडीत श्वास आधीच आखूड होतो, त्यात सूटची भर नको. सेमी-ड्राय सूटमध्ये मनगट, घोटा आणि मान येथे गुळगुळीत रबराच्या पट्ट्या असतात आणि झिप चांगल्या दर्जाची असते, त्यामुळे पाण्याची ये-जा कमी होते. नाव काहीही असले तरी तो वेटसूटच आहे आणि खोलीवर तोही चेपतो. जुना सूट घेत असाल तर खांदे आणि गुडघे यांवरील कापड बोटांत दाबून पाहावे. वारंवार दबून बुडबुडे मेलेले असतील तर ७ मिलिमीटरचा सूट चिमटीतच ४-५ मिलिमीटरचा लागतो.

ड्रायसूट: कवच आणि आतले कपडे

ड्रायसूटचे मुख्य प्रकार दोन. ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या कापडाचा) सूट पातळ, हलका आणि लवकर वाळणारा असतो, पण तो स्वतः जवळपास काहीच उब देत नाही. सगळी उब आतल्या कपड्यांची. दाबून घट्ट केलेल्या निओप्रीनचा सूट जड असतो, वाळायला वेळ घेतो, मात्र अंगाबरोबर ताणला जातो आणि फाटल्यानंतरही थोडीफार उब राखतो. वेगवेगळ्या तापमानांच्या पाण्यात उतरणाऱ्याने ट्रायलॅमिनेट घ्यावा असे माझे मत आहे, कारण कवच तेच ठेवून आतले कपडे बदलता येतात. व्हल्कनाइझ्ड रबराचे सूट दूषित पाण्यात काम करणारे व्यावसायिक वापरतात. छंदासाठी त्यांची गरज सहसा पडत नाही.

आतल्या कपड्यांत सुती काहीही नसावे. सूत घाम धरून ठेवते, आणि ओल्या सुताला उबेचे काहीच जमत नाही. अंगाला लागून मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर फ्लीस किंवा थिन्सुलेटसारख्या भरावाचा जाड थर, अशी रचना करावी. सूट गळण्याची शक्यता कायम गृहीत धरावी आणि ओला झाल्यावरही काही प्रमाणात उब देणारा भराव निवडावा. आतले कपडे खरे तर हवा धरून ठेवण्याचे साधन आहेत, म्हणून सूटमध्ये कोणता वायू भरला जातो यालाही महत्त्व येते. हेलियम हवेच्या जवळपास सहापट उष्णता वाहून नेतो, त्यामुळे ट्रायमिक्स, म्हणजे हेलियम मिसळलेले मिश्रण, श्वसनासाठी वापरणाऱ्याने तेच मिश्रण सूटमध्ये कधीही भरू नये आणि सूटसाठी वेगळी छोटी टाकी ठेवावी. आर्गॉन हवेपेक्षा कमी, सुमारे दोन तृतीयांश, उष्णता वाहून नेतो. तरी कपड्यांचा एक चांगला थर वाढवणे हा नेहमीच अधिक सोपा उपाय असतो. आर्गॉन श्वसनाच्या रेग्युलेटरला (टाकीतील हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणणाऱ्या यंत्रणेला) चुकूनही जोडला जाऊ नये म्हणून त्याच्या टाकीवर ठळक खूण करावी, कारण त्यात ऑक्सिजन नसतो.

मान आणि मनगट यांपाशी पाणी अडवणारे सील लेटेक्सचे, निओप्रीनचे किंवा सिलिकॉनचे असते. लेटेक्स उत्तम बसते, पण ऊन आणि ओझोन यांनी चिरते आणि काही जणांना त्याची ॲलर्जी असते. निओप्रीन टिकाऊ आणि उबदार असते, मात्र मनगट वळवले की शिरांच्या खाचेतून थोडे पाणी येऊ देते. सिलिकॉन मऊ असते, पण ते चिकटत नाही, म्हणून ते कड्यांच्या रचनेवर बसवावे लागते. याचा फायदा असा की फाटलेले सील डाइव्हच्या ठिकाणीच काही मिनिटांत बदलता येते. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याने हा गुण हलका समजू नये.

ड्रायसूट मापून घेताना सर्वांत जाड आतले कपडे घालूनच मापावा. गुडघ्यांवर बसता आले पाहिजे, दोन्ही हात डोक्यामागे टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचले पाहिजेत, आणि पाय इतके सैल नसावेत की उलटे झाल्यावर सगळी हवा तेथे जमून पाय वर उचलले जातील. झिप पाठीवर असेल तर ती लावायला दुसऱ्याची मदत लागते. छातीवरून तिरकी जाणारी झिप स्वतःला लावता येते. फिन्स आधीच घेतलेल्या असतील तर ड्रायसूटचे बूट त्यांत शिरतात का ते पाहावे. बहुतेक वेळा शिरत नाहीत, आणि ही गोष्ट पहिल्या डाइव्हच्या सकाळी कळते.

लघवीचा प्रश्न लाजेने टाळू नये. थंड पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त धडाकडे सरकते आणि मूत्रपिंडे अधिक काम करू लागतात, त्यामुळे तहान नसतानाही लघवीला होते. यावर पाणी कमी पिणे हा उपाय नाही, कारण शरीरातील पाणी कमी होणे डीकम्प्रेशनच्या त्रासासाठी, म्हणजे वर येताना दाब घटून शरीरात वायूचे बुडबुडे होण्यासाठी, अनुकूल ठरते असे मानले जाते. लांब डाइव्ह करणाऱ्यांनी पी-व्हॉल्व्ह, म्हणजे लघवी सूटबाहेर सोडणारी झडप, बसवून घ्यावा.

विजेवर तापणाऱ्या जाकिटाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकी नौदलाच्या एक्सपेरिमेंटल डायव्हिंग युनिटने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की तळाशी उबदार आणि वर येताना गार राहिलेल्या डायव्हरांना डीकम्प्रेशनचा त्रास होण्याचा धोका याच्या उलट क्रमापेक्षा बराच जास्त होता. तळाशी रक्ताभिसरण जोमात असले की ऊतींमध्ये नायट्रोजन अधिक शिरतो, आणि वर येताना ते मंदावले की तो बाहेर पडायला उशीर लावतो. म्हणून तापणारे जाकीट घेतलेच तर ते डाइव्हच्या शेवटपर्यंत चालेल याची खात्री असावी, आणि ते बंद पडल्यावरही तग धरता येईल इतके कपडे आत असावेत.

हूड ५ ते ७ मिलिमीटरचा असावा आणि त्याची कड मास्कच्या कडेखाली किंवा तिला लागून बसावी. हातांसाठी १० अंशांपर्यंत ५ मिलिमीटरचे मोजे बरे. पाणी १० अंशांहून थंड असेल तर तीन बोटांचे मोजे किंवा ड्रायसूटच्या कड्यांना जोडले जाणारे कोरडे मोजे घ्यावेत. मोजे निवडताना दुकानातच ते घालून क्लिप उघडून पाहावी, कारण बधिर बोटांनी जे जमणार नाही ते पाण्यात जमेल अशी आशा धरण्यात शहाणपण नाही.

टाकी किती मोठी हवी

थंडीत श्वास वाढतो, हे हिशोबात घेतल्याशिवाय टाकी निवडता येत नाही. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या डायव्हरने थंड पाण्यासाठी २५ लिटर धरावेत; २० मीटरवर, म्हणजे ३ बार दाबाखाली, ते ७५ लिटर होतात. आता राखीव साठा काढू. जोडीदाराची हवा संपली आणि दोघे मिळून प्रत्येकी ३० लिटरने श्वास घेत आहेत असे समजा. २० मीटरवर सावरायला एक मिनिट धरले तर १८० लिटर, वर यायला दोन मिनिटे आणि सरासरी २ बार दाब धरला तर २४० लिटर, आणि ५ मीटरवरील तीन मिनिटांच्या थांब्याला २७० लिटर. एकूण ६९० लिटर. १२ लिटरच्या टाकीत हे जवळपास ५८ बार होतात, १५ लिटरच्या टाकीत ४६ बार.

त्यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. भरताना तापलेली टाकी थंड पाण्यात दाब गमावते: ४० अंशांना २०० बार दाखवणारी टाकी ४ अंशांच्या पाण्यात सुमारे १७७ बारवर येते, आणि हवा कोठेही गळालेली नसते. म्हणून सुरुवातीचा दाब १८० बार धरून चालावे. मग १२ लिटरच्या टाकीतून राखीव साठा वगळता तळाशी सुमारे १९ मिनिटे मिळतात, १५ लिटरच्या टाकीतून सुमारे २६. ड्रायसूट भरायला लागणारी हवा यातूनच जाते, ती वेगळी. हा हिशोब मी मुद्दाम सविस्तर दिला आहे, कारण उबदार पाण्यात तासभर पुरलेली टाकी येथेही पुरेल या समजुतीवर अनेकांची पहिली थंड डाइव्ह घाईघाईत संपते.

ॲल्युमिनियम की पोलाद

सर्वत्र आढळणारी ‘८०’ क्रमांकाची ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची असते आणि तिचा भरण्याचा दाब २०७ बार असतो. भरलेली असताना ती पाण्यात किंचित जड असते, पण रिकामी होत आली की जवळपास २ किलोंनी वर ढकलू लागते. १२ लिटरची पोलादी टाकी जमिनीवर उचलायला साधारण तितकीच जड, पण रिकामी झाल्यावरही ती सहसा तरंगत नाही. अनेक मॉडेल एखाद्या किलोने खालीच ओढतात. म्हणजे पोलादाकडे वळल्यावर कमरेचे सुमारे ३ किलो शिसे कमी होते, आणि ड्रायसूटसोबत आधीच भरपूर शिसे वाहणाऱ्याच्या कमरेला हा फरक बरोबर कळतो. विशिष्ट मॉडेलचा आकडा निर्मात्याच्या तक्त्यात व्हॉल्व्हसह दिला आहे की व्हॉल्व्हशिवाय, हे नीट वाचावे.

मात्र पोलाद नेहमीच चांगले, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि सूट व टाकी यांच्या जोडीचा प्रश्न येथेच येतो. जाड वेटसूट घातलेला डायव्हर दोन पोलादी टाक्यांची जोडी घेऊन ३० मीटरवर गेला, तर सूटची वर ढकलण्याची शक्ती बहुतेक संपलेली असते आणि टाक्या भरलेल्या असतात. अशा वेळी बीसीडी (हवा भरून तरंगणे सांभाळणारे जाकीट) फाटले तर टाकून देण्यासारखे शिसे त्याच्याजवळ नसते आणि पोहून वर येण्याइतका तो हलकाही नसतो. ड्रायसूट असेल तर त्यात हवा भरून वर येण्याचा दुसरा मार्ग उरतो. म्हणून जाड वेटसूटसोबत ॲल्युमिनियमची किंवा फार तर एकच मध्यम पोलादी टाकी आणि सोडता येणारे शिसे, आणि पोलादी जोडटाक्या फक्त ड्रायसूटसोबत, हा नियम मी अपवाद न करता पाळण्यासारखा मानतो.

आपल्या सूटची शक्ती अंदाजाने न ठरवता मोजावी. वेटसूट जाळीच्या पिशवीत भरावा, पाण्याखाली दाबून त्यात अडकलेली हवा काढावी आणि पिशवी जेमतेम बुडेपर्यंत तिच्यात शिसे टाकत जावे. जितके किलो लागले तितकी त्या सूटची पृष्ठभागावरील शक्ती, आणि खोलीवर तिच्यातील बहुतेक हातची जाणार असे धरून चालावे.

व्हॉल्व्ह आणि गोठणे

दाबाखालील हवा प्रसरण पावताना थंड होते, त्यामुळे ४ अंशांच्या पाण्यात रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजच्या (टाकीवर बसून दाब कमी करणाऱ्या पहिल्या भागाच्या) आतील तापमान शून्याच्या बरेच खाली जाऊ शकते. तेथे बर्फ धरला की झडप उघडीच राहते आणि हवा अखंड वाहू लागते. युरोपीय मानक ईएन २५० मध्ये १० अंशांखालील पाणी थंड मानले जाते. ज्या रेग्युलेटरवर फक्त १० अंशांवरील पाण्यासाठी अशी खूण असेल तो येथे वापरू नये. पाण्यापासून बंदिस्त केलेला डायफ्रामचा, म्हणजे लवचीक पडद्यावर चालणारा, फर्स्ट स्टेज घ्यावा.

टाकीवर दोन स्वतंत्र तोंडांचा व्हॉल्व्ह असावा आणि प्रत्येकावर वेगळा फर्स्ट स्टेज, म्हणजे एक गोठला तर तेवढाच बंद करता येतो. त्यासाठी व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचला पाहिजे, आणि ड्रायसूट मापताना हात मागे नेऊन पाहायला सांगितले ते याचसाठी. जोडणी डीआयएन पद्धतीची असावी. ती व्हॉल्व्हच्या आत आटे फिरवून बसते आणि धक्क्याने सहज निसटत नाही, शिवाय व्हॉल्व्हवर बाहेरून कसली जाणारी योक पद्धत २३२ बारपर्यंतच चालते. पाण्याबाहेर गोठवणाऱ्या हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेऊन पाहू नये, आणि पाण्याखाली बीसीडी व सूट एकाच वेळी फुगवू नयेत. टाकी भरणाऱ्याकडे हवा कोरडी येते का हे विचारावे, कारण बर्फ होणारे पाणी बरेचदा टाकीतूनच आलेले असते.

जुनी टाकी घेताना खांद्यावर कोरलेली दाबचाचणीची तारीख पाहावी. अनेक देशांत ही चाचणी दर ५ वर्षांनी करावी लागते. ६३५१ मिश्रधातूची ॲल्युमिनियमची टाकी घेऊ नये, तिच्या मानेत कालांतराने भेगा पडल्याची प्रकरणे झालेली आहेत.

शिसे ठरवणे

सगळे साहित्य जमल्यावर उथळ, शांत पाण्यात टाकी ५० बारवर आणून ५ मीटरवर थांबून पाहावे. बीसीडी पूर्ण रिकामे असावे आणि ड्रायसूटमध्ये कपडे चेपले जाणार नाहीत एवढीच हवा असावी. या अवस्थेत तीन मिनिटे स्थिर राहता आले की शिसे बरोबर. भरलेल्या टाकीने ही परीक्षा केली तर फसगत होते, कारण १२ लिटरच्या टाकीतील २०० बार हवेचे वजनच जवळपास ३ किलो असते आणि डाइव्हच्या शेवटी ते उरत नाही. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २.५ टक्के घन असते, म्हणून साहित्यासह ११० किलो भरणाऱ्याने सरोवरातून समुद्रात जाताना पावणेतीन किलो वाढवावेत. शिशाचा काही भाग एका ओढीत सोडता येईल असा ठेवावा, पण सगळा एकाच पट्ट्यात नको. ड्रायसूटमध्ये पट्टा अचानक सुटला तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो.

वहीत प्रत्येक डाइव्हनंतर पाण्याचे तापमान, आतले कपडे, टाकी, शिसे आणि कोणत्या मिनिटाला थंडी वाजू लागली हे लिहावे. कपड्यांचा एक थर वाढला तरी शिसे वाढते, आणि मागच्या हिवाळ्यात किती लागले होते ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. सूट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, लेटेक्सच्या सीलांना बिनवासाची टाल्कम पावडर लावावी, आणि पोलादी टाकीत नेहमी काही बार हवा ठेवावी, म्हणजे दमट हवा आत जाऊन गंज धरणार नाही.